आईचं वजन आणि लेकराचं आयुष्य : प्रस्तावना

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत एक लांब पल्ल्याचं काम घेऊन उतरले. मूल होण्याच्या वयातल्या विवाहित बायकांची उंची-वजनं आधीच नोंदवून ठेवायची, दिवस गेले की त्यांचं खाणं, काम आणि रक्त तपासायचं, आणि जन्मलेल्या बाळाची सोबत पुढे वर्षानुवर्षं सोडायची नाही, असा बेत होता. या बायकांचं गरोदरपणापूर्वीचं सरासरी वजन भरलं सुमारे ४२ किलो. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास होती. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या ज्या बाळांशी त्यांची तुलना झाली, ती साडेतीन किलोंच्या घरातली.

बारीक आईचं बाळ लहान, यात कोणाला नवल वाटलं नाही. नवल पुढच्या मापांत होतं. पुण्याच्या बाळांचा पोटाचा आणि दंडाचा घेर इंग्लिश बाळांपेक्षा बराच कमी होता. म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयव आणि स्नायू यांची वाढ मागे पडलेली होती. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली, तेव्हा ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळं, पण अंगात चरबीचा वाटा जास्त अशा या बाळाला याज्ञिकांनी ‘थिन-फॅट बेबी’ असं नाव दिलं. हीच मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी तेव्हाही कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तातली साखर सामान्य मर्यादेच्या वर होती. खेड्यात वाढलेली, अंगाने सडपातळ, शेताची आणि सायकलीची सवय असलेली ही पोरं मधुमेहाच्या उंबरठ्यावर कशी आली, हा प्रश्न नुसत्या आजच्या खाण्यापिण्याने सुटत नाही. त्याचं निदान काही उत्तर त्यांच्या आयांच्या गरोदरपणात शोधावं लागतं.

या पुस्तकाचा विषय तोच आहे. गरोदरपणाआधीचं आणि गरोदरपणातलं आईचं वजन मुलाच्या चाळिशी-पन्नाशीपर्यंत कसं पोचतं, हे गेल्या शंभरेक वर्षांच्या नोंदींतून आणि गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून हळूहळू उलगडत गेलं. मराठी वाचकाला त्यात जास्तच रस असायला हवा. या शास्त्रातली काही महत्त्वाची पानं पुणे आणि मुंबईत लिहिली गेली आहेत, आणि त्या पानांवरची माणसं आपल्याच घरातली आहेत.

या विद्येचा उगम मात्र इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यातल्या नोंदवह्यांत आहे. १९११पासून तिथल्या मुख्य आरोग्यसेविका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुईणी आणि परिचारिका घरोघर जात. बाळ जन्मलं की त्याचं वजन घेत आणि एक वर्षाचं झालं की पुन्हा घेत. या नोंदी अनेक दशकं पडून होत्या. साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या शोधल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं याचा माग काढला. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला. जन्मताना आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण सर्वाधिक होतं. तोवर हृदयविकार म्हणजे संपन्नतेचा आजार, अशी समजूत होती. बार्कर यांनी त्याची पाळंमुळं गरिबीत आणि गर्भाशयात दाखवली.

१९९२ साली बार्कर आणि केंब्रिजचे निकोलस हेल्स यांनी यामागची कल्पना मांडली. अन्न कमी पडलं की गर्भ काटकसर करतो. मेंदूला आधी पुरवतो आणि स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या वाट्याला हात आखडता घेतो. बाळ जगतं, पण इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी आणि मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी घेऊन जगतं. पुढे अन्न तुटपुंजंच राहिलं तर या शरीराचं निभावतं. सुबत्ता आली की तेच शरीर कोलमडतं. त्याआधी, १९६२ साली, जेम्स नील यांनी अशी काटकसर जनुकांत लिहिलेली असते असं सुचवलं होतं. बार्कर आणि हेल्स यांनी ती काटकसर जनुकांकडून गर्भाशयाकडे आणली. हा बदल मोठा होता, कारण जनुकं बदलता येत नाहीत, आईचं ताट बदलता येतं.

या विचाराची परीक्षा इतिहासाने आधीच, आणि फार क्रूरपणे, घेऊन ठेवली होती. १९४४च्या सप्टेंबरात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मन सैन्याने देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. त्या हिवाळ्यात शहरांतला रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५मध्ये मुक्ती मिळाली आणि अन्न परत आलं. उपासमारीला अशी स्पष्ट सुरुवात आणि स्पष्ट शेवट असल्यामुळे कोणतं मूल गर्भावस्थेच्या कोणत्या महिन्यांत उपाशी राहिलं, हे नेमकं सांगता आलं. १९७६ साली लष्करभरतीच्या तपासणीतल्या सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त आढळला, तर शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्यांत तो कमी होता. वजनाबरोबर वेळही महत्त्वाची असते, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आलं. २००८मध्ये बास्तिआन हाइमान्स आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गर्भधारणेच्या सुमारास उपासमारीत सापडलेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या.

इथवर गोष्ट कमी वजनाची झाली. दुसरी विचारधारा नेमकी उलट्या टोकाकडून आली.

कोपनहेगनचे योर्गेन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मधुमेही आईचं बाळ अवाजवी मोठं का होतं, याचं कारण सांगितलं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. ती जास्तीची साखर हाताळण्यासाठी बाळाला स्वतःचं इन्शुलिन वाढवावं लागतं आणि त्यातून अंगावर चरबी साठते. १९८०मध्ये अमेरिकेतले नॉर्बर्ट फ्राइंकेल यांनी हा विचार पुढे नेला. गर्भाशयातल्या या जादा इंधनाचे परिणाम जन्मानंतर थांबत नाहीत, आयुष्यभर टिकतात, अशी मांडणी त्यांनी केली. तिला सर्वांत भक्कम पुरावा दिला तो ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींनी. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांत मोडतं. २००० साली तिथल्या एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना झाली. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा तो झाल्यानंतर जन्मलेल्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त होता. आई तीच, घर तेच, वारसाही तोच. बदललं होतं ते गर्भाशयातलं वातावरण.

२००८ साली नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायकांच्या अभ्यासाने हे आणखी व्यापक केलं. मधुमेहाच्या रेषेखालची साखरसुद्धा जसजशी वाढते, तसतशी बाळाच्या अंगावरची चरबी वाढते, आणि यात ‘इथपर्यंत ठीक’ म्हणावी अशी स्पष्ट पायरी सापडत नाही. लठ्ठ आईच्या रक्तात साखरेबरोबर मेदही जास्त असतो, म्हणून आईचं जादा वजन हाच प्रश्न बनला. २०१३मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या ३७,७०९ जणांच्या नोंदींवरून असं दिसलं, की गरोदरपणी लठ्ठ असलेल्या आयांच्या मुलांत अकाली मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त होता. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये अतिलठ्ठ बायकांवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर जन्मलेली मुलं, त्याच आयांच्या आधीच्या मुलांपेक्षा कमी लठ्ठ निघाली.

तिसरी धारा शंकेखोरांची आहे, आणि या पुस्तकाने तिला मानाने जागा दिली आहे. कमी वजनाचं मूल बहुतेकदा गरीब घरातलं असतं. मग दोष गर्भाशयाचा की पुढच्या पन्नास वर्षांच्या गरिबीचा? आईचं वजन जास्त असेल तर मुलाला तिची जनुकंही मिळतात आणि तिच्या स्वयंपाकघरातलं जेवणही मिळतं. मग गर्भारपणावर किती भार टाकायचा? २००२ साली रेचल हक्सली आणि सहकाऱ्यांनी जन्मवजन आणि रक्तदाब यांच्यावरचे अभ्यास एकत्र तोलले. अभ्यास जितका मोठा, तितका परिणाम लहान, असं त्यांना आढळलं. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२मध्ये सुमारे १४ हजार गरोदरपणांपासून सुरू झालेल्या अभ्यासात वडिलांचं वजनही आईच्या वजनाशेजारी ठेवून पाहिलं गेलं. मुलाच्या चरबीशी दोघांच्याही वजनाचा संबंध दिसला आणि आईचा वाटा फार मोठा असल्याचा पुरावा मिळाला नाही. अशा आक्षेपांनी हे शास्त्र मोडलं नाही, सुधारलं. भावंडांची तुलना, वडिलांची मापं आणि जनुकांचा आधार घेणाऱ्या पद्धती त्यामुळेच रुळल्या. परिणाम खरा आहे, पण त्याचा आकार विषयागणिक वेगळा आहे, इतकं आज खात्रीने म्हणता येतं.

भारताचं योगदान या तिन्ही धारांच्या संगमावर आहे. इथे कुपोषण आणि मधुमेह शेजारी-शेजारी, कधी एकाच घरात, तर कधी एकाच देहात नांदतात. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४पासूनच्या जन्मनोंदी जपलेल्या होत्या. त्या वापरून १९९८मध्ये कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी जे पाहिलं, ते बार्कर यांच्या चौकटीत नीट बसेना. प्रौढपणी मधुमेह जास्त होता तो बुटक्या पण अंगाने भरलेल्या बाळांमध्ये, आणि ज्यांच्या आयांचं गरोदरपणातलं वजन सरासरीपेक्षा जास्त होतं अशांमध्ये. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्यांच्या अभ्यासाने २००४मध्ये तिसरी बाजू दाखवली. पहिल्या दोन वर्षांत हडकुळी असलेली आणि नंतर बारा वर्षांपर्यंत झपाट्याने वजन वाढलेली मुलं तिशीच्या आत-बाहेर मधुमेहाकडे झुकली होती. २००१ साली या विषयाची पहिली जागतिक परिषद मुंबईत भरली, ती या पार्श्वभूमीवर.

पुण्याच्या संशोधनाने आणखी एक प्रश्न विचारला. आईचं वजन म्हणजे नेमकं कशाचं वजन? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र छापून आलं. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी भरलेली दोन माणसं आतून इतकी वेगळी असू शकतात. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत २५पासून जादा वजन मानतात, तर आशियाई लोकांसाठी २३पासूनच सावध व्हायला सांगितलं जातं.

वजनामागे काय दडलेलं असतं, हे त्या सहा गावांतल्या आहाराच्या नोंदींनी दाखवलं. किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. शेतातली मजुरी, पाणी भरणं, धुणं धुणं अशी अंगमेहनत गरोदरपणातही ज्यांना जास्त करावी लागली, त्यांची बाळं लहान होती. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. २००८मध्ये असं दिसलं, की बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. फोलिक ॲसिडची गोळी मज्जारज्जूचे जन्मदोष टाळते, म्हणून ती हवीच. पण नुसती गोळी देऊन बी-१२कडे डोळेझाक करणं शाकाहारी समाजाला परवडणारं नाही, हा या निष्कर्षाचा अर्थ.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार, फॉल आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना प्रयोगाच्या कसोटीला लावली. सुमारे साडेसहा हजार बायकांपैकी निम्म्यांना पालेभाजी, सुकी फळं आणि दूध घातलेला नाश्ता रोज मिळत होता, उरलेल्यांना साधा. सगळ्यांचा मिळून विचार केला तर जन्मवजनात ठोस फरक पडला नाही. गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने नाश्ता सुरू झालेल्यांची बाळं मात्र सुमारे ४८ ग्रॅमने जड होती. वाढ दिसली ती प्रामुख्याने फार बारीक नसलेल्या बायकांत. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्यात नाही. आणि एक अनपेक्षित लाभ हाती आला. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण साध्या नाश्त्याच्या गटात १२.४ टक्के, तर पौष्टिक नाश्त्याच्या गटात ७.३ टक्के होतं.

युरोपात आणि ऑस्ट्रेलियात लठ्ठ बायकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांनीही, वेगळ्या वाटेने, सुरुवात दिवस जाण्याआधीच हवी हाच धडा दिला. ब्रिटनमध्ये दीड हजारांवर आणि ॲडलेडमध्ये दोन हजारांवर गरोदर बायका प्रयोगात होत्या, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. त्यांच्या सवयी सुधारल्या, पण अवाजवी मोठ्या बाळांचं प्रमाण फारसं घटलं नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू केलेला उपाय उशिराचा ठरतो. बारीक आईच्या बाबतीत तेच, जाड आईच्या बाबतीतही तेच.

आज हा विषय तातडीचा का, ते सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के कमी वजनाच्या आणि २४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. म्हणजे दर दहांपैकी चौघी-पाचजणी दोनपैकी एका टोकाला आहेत. निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातच पिढी बदलते आहे. बेचाळीस किलोंच्या आईची, जन्मतः अडीच किलोंची मुलगी शहरात येते, बैठी नोकरी करते, वजन वाढतं आणि पहिल्याच गरोदरपणात साखर चढते. एका टोकाची आई आणि दुसऱ्या टोकाची लेक, असा एकाच घरातला हा प्रवास आहे.

तो किती खोल रुजतो, याची कल्पना आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या उंदरांवरच्या प्रयोगातून येते. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न मिळालं, तरी त्यांच्यातले चयापचयाचे दोष नाहीसे झाले नाहीत. उंदरांवरचे निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण भारतात सुबत्ता आल्यावर एका पिढीत सगळं सुरळीत होईल, या आशेला त्यांनी लगाम घातला आहे.

आपल्याकडच्या घरांत या विषयावरची मतं ठाम असतात. एका घरात ‘आता दोन जिवांचं खा’ असा आग्रह होतो. दुसऱ्या घरात बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, या भीतीने सुनेचा घास कमी केला जातो. डोहाळजेवणाचं ताट भरलेलं असतं, पण रोज सगळ्यांच्या मागून जेवणारीच्या ताटात काय उरतं, याची चौकशी होत नाही. दवाखान्यात काटा बोलतो, मग वजन कमी भरलं म्हणून ती दोषी आणि जास्त भरलं तरी तीच दोषी. हे पुस्तक या रिवाजाच्या विरोधात उभं आहे. त्यातला पुरावा वाचला तर वजनाचा तो आकडा आईच्या स्वभावाचा किंवा निष्काळजीपणाचा नसून तिला मिळालेल्या अन्नाचा, तिच्यावर पडलेल्या कामाचा, तिच्या लग्नाच्या वयाचा आणि तिच्या स्वतःच्या आईच्या गरोदरपणाचा आहे, हे स्पष्ट होतं.

पुस्तकाची आखणी त्याच भूमिकेतून झाली आहे. यात गरोदर बाईसाठी तक्ते नाहीत आणि कुठलंही एक जादूचं अन्न नाही. अमेरिकेतल्या २००९च्या शिफारशींप्रमाणे कमी वजनाच्या आईचं वजन साडेबारा ते अठरा किलोंनी आणि लठ्ठ आईचं पाच ते नऊ किलोंनी वाढावं, असे आकडे वाचकाला इथे भेटतील. पण ते कोणत्या बायकांवरून ठरले आणि दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मराठी बाईला कितपत लागू पडतात, हा प्रश्नही सोबत विचारला जाईल. अनुमान कुठे संपतं आणि पुरावा कुठे सुरू होतो, ती सीमारेषा दाखवण्याचा प्रयत्न सर्वत्र आहे. धोका वाढतो म्हणजे आजार अटळ असतो असं नाही, हेही वारंवार सांगितलं आहे. लहान जन्मलेली असंख्य मुलं उत्तम प्रकृतीने म्हातारी होतात. ज्या आईचं वजन काही कारणाने हवं तसं नव्हतं, तिने या पानांतून धास्ती घेऊ नये. तिच्या मुलाचं बालपण, खेळ, आहार आणि वेळच्या वेळी तपासणी यांना अजून पुष्कळ वाव आहे.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. महाराष्ट्रात आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५पासून आहे. अंगणवाडीचा काटा आहे, आशाताईंची गृहभेट आहे. यातलं बहुतेक काम मात्र दिवस गेल्याची नोंद झाल्यावर सुरू होतं, आणि पुण्या-मुंबईच्या संशोधनाचं म्हणणं आहे की तोवर महत्त्वाचे महिने निघून गेलेले असतात. पुण्याच्या संशोधकांनी २०१२मध्ये त्याच सहा गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना, म्हणजे पहिल्या अभ्यासातल्या बाळांनाच, बी-१२ आणि इतर सूक्ष्मपोषकं द्यायला सुरुवात केली, ती पुढच्या पिढीसाठी. त्या प्रयोगात मुलगेही होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे पुस्तक डॉक्टरांनी वाचावं, आशाताईंनी वाचावं, पण त्याहून आधी ते घरातल्या सासूने, नवऱ्याने, बापाने आणि शाळेतल्या शिक्षकांनी वाचावं. आठवीतल्या मुलीचं वजन आणि हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासा. तिच्या ताटात रोज पालेभाजी, डाळ आणि दूध किंवा अंडं येतंय ना, ते पाहा. अठराच्या आत तिचं लग्न होऊ देऊ नका. लग्नानंतर मूल हवं असेल तर निदान तीन महिने आधी दोघांचीही तपासणी करून घ्या. आणि दिवस गेल्यावर तिच्या डोक्यावरचा हंडा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उचला.